वर्गातला एकटा मुलगा

फिजिओथेरपीच्या त्या वर्गात सुबोध तेवढा एकटा मुलगा. अंधेरीचं कॉलेज, मुलींचे अर्ज ढिगाने येतात. मुलगे मात्र औषधालाही सापडत नाहीत. दुसरा होता राजेश. तोही एमबीबीएसच्या प्रवेशाची पुन्हा तयारी करायला पळाला, आणि तेही प्रॅक्टिकलच्या तोंडावर, शहाणा!

परीक्षेला हात-पाय तपासायला माणूस लागतो. मुली एकमेकींवर भागवतात. मुलाने पुरुषच आणायचा, हा कॉलेजचा नियम. "माझ्यावर कर ना रे, काय फरक पडतो?" वर्गातली श्रुतिका म्हणाली. पण उत्तरा मॅडम ऐकतील तर शपथ! माणूस नाही तर परीक्षा नाही, वर्ष गेलं.

शेवटी त्याने बाबांना विचारलं. बाळा तावडे, जोगेश्वरीचे रिक्षावाले. "माझो झील डॉक्टर होताहा" असं पोराचं कौतुक चाळभर सांगत फिरणारे. परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि टेबलावर आडवे झाले.

सुबोधने त्यांचा डावा हात हातात घेतला. वर्गातल्या शरीरांवर एवढा सराव केला, पण घरातला हा हात कधी धरलाच नव्हता. अंगठ्याजवळचं मांस पार उतरलं होतं.

"माझी बोटं दाबा, बाबा. जोरात."

"दाबतोय की रे!"

त्यांचा चेहरा लाल झाला, सुबोधच्या बोटांना काही जाणवलं नाही. बाबा डोळे वटारून त्याला गप्प बसायला सांगत होते. म्हणजे यांना ठाऊक होतं! त्याला संताप आला, रडूही आलं.

"काय सापडलं?" परीक्षक उत्तरा मॅडमनी विचारलं.

काही नाही म्हणावं, तर नापास.

"हाताची ताकद गेलीय. बहुतेक मानेतली नस दबलीय."

"काम काय करतात?"

"रिक्षा चालवतात."

"मग काय सल्ला देशील?"

क्लच त्याच हाताने दाबायचा. घर चालायचं ते त्या क्लचवरच.

"रिक्षा बंद. आजपासून."

"शाब्बास. अचूक."

बाबा गेटबाहेर लावलेल्या रिक्षाकडे निघाले. रिक्षापाशी येऊन म्हणाले, "पास झालंस मा?"

"हो. बाबा, आपण बसने जाऊया ना."

"बस मागे, डॉक्टर. पुढची फी काय तुझी मॅडम भरतली?"

सुबोध मागे बसला. सिग्नल सुटला तेव्हा बाबांनी उजवा हात डाव्यावर नेला आणि दोन्ही हातांनी क्लच आवळला. तो पॅसेंजरसारखा बघत राहिला.