अर्जाची पोच

दीक्षानं अर्ज टेबलावर ठेवला. मॅनेजर सोमेश्वरनं तो हातात न घेता पेनाच्या टोकानं तिच्याकडं परत सरकवला.

"ताई, तुमाला काढलं कुणी? शेठ म्हणले, सातवा महिना हाय, धुळीत काहून तकलीफ घ्यायची? आराम करा घरी."

"मग रजा लिहून द्या. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा हाय कायद्यात."

"ते सरकारी लोकायला."

"दहा माणसं कामाला असली की सगळ्यायला, सर. आपण चौदा हाव."

"बाळंतपण होऊ द्या. मग बघू."

जवळा बाजारच्या या गोदामात ती चार वर्षं सोयाबीनचा ओलावा तपासत होती. तिनं आकडा सांगितला की किशनरावांसारखा हुज्जत घालणारा शेतकरीही मुकाट मान हलवायचा. आता तिच्या खुर्चीत सोमेश्वरचा मेहुणा बसला होता. मॉइश्चरचं मशीन शून्यावर कसं आणायचं, हे त्यानं तिलाच विचारलं. तिनं सांगितलं, आणि सांगितल्याचा राग तिला फाटकापर्यंत पुरला.

सोमवारी ती पुन्हा गेली. निदान अर्जाची पोच द्या, म्हणाली. सोमेश्वर म्हणाला, त्याला शेठची सही लागते. गुरुवारी शेठ भेटले. पुनमचंद शेठ हसून म्हणाले, असली कामं सोमेश्वर पाहतो. चौथ्या खेपेला वॉचमन लखमानं फाटक उघडलंच नाही.

"आत सोडू नको म्हणले, ताई," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

हिंगोलीला वकील प्रियदर्शनी यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कायदा तुमच्या बाजूनं आहे. पण उद्या ते म्हणतील, हिनं रजा मागितलीच नाही, आपणहून यायची बंद झाली. तुमच्याकडं सगळं तोंडी आहे. कागदावर काहीतरी पाहिजे. होकार नसेल तर नकार तरी. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा."

उन्हात एसटीला उभी असताना दीक्षाचे पाय सुजून चपलेत मावेनात. तरी घरी जायच्या आधी तिनं पोस्ट गाठलं.

आठव्या दिवशी पोस्टमन भागवत दारात आला. त्याच्या हातात तेच पाकीट होतं.

"परत आलं, ताई. दोनदा गेलो. शेठनं नाव वाचलं अन् म्हणले, घेत न्हाई."

सासू जनकाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "पोरीच्या पायाचे तुकडे झाले. अन् त्यायला कागदबी घ्यायचा न्हाई. सोड आता तो नाद, दीक्षा."

दीक्षानं पाकीट उलटं केलं. मागं निळ्या पेनानं लिहिलं होतं : घेण्यास नकार. खाली तारीख, भागवतची सही. ते दोन शब्द तिनं पुन्हा वाचले. महिनाभरात तिला इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं.

जनकाबाईनं पाकीट फोडायला हात पुढं केला.

"नका, आई. राहू द्या तसंच बंद."

मग ती भागवतकडं वळली.

"भाऊ, पोस्टाचा शिक्का लई पुसट उठलाय. पुन्हा एकदा मारून मिळंल का?"

"परत आलेल्या पाकिटाला चांगला शिक्का कशाला पाहिजे?"

दीक्षा तोवर चप्पल शोधायला लागली होती.

"चला," ती म्हणाली, "मीबी येते."