अंगणापुरतं पाणी

नाशिक रोडच्या त्या कॉलनीत सकाळ उजाडायची ती नळ्यांच्या आवाजानं. दारोदारी बायका हिरवी नळी धरून अंगणाची फरशी धूत असायच्या आणि सगळ्या घरांचं पाणी एकमेकांत मिसळून रस्त्यानं लांबवर जायचं. गोजराबाई तेवढ्या तांब्या घेऊन बाहेर येत, ओंजळीनं सडा शिंपडत. धूळ खाली बसायची, मातीचा वास थोडा वेळ रेंगाळायचा.

"मावशी, तांब्याभर पाण्यात अंगण धुतलं जातं होय?" शेजारच्या सुमनबाईंनी काल मोठ्यानं विचारलं होतं. "का सून नळाला कुलूप लावते?"

चार दारांतून हसू आलं. ते सुनेच्या, मंजुषाच्या कानावर गेलं. संध्याकाळी मेथी निवडताना ती हळूच म्हणाली, "आई, उद्यापासून नळीच घ्या. लोक मला नावं ठेवतात."

म्हणून आज गोजराबाईंच्या हातात नळी होती. पाणी कोवळं ऊन अंगावर घेऊन फरशीवरून पळत सुटलं. बघता बघता फरशी विरून गेली आणि त्या सात वर्षांच्या होऊन नांदगावकडच्या आटलेल्या विहिरीत उभ्या राहिल्या. अंगानं बारीक म्हणून त्यांनाच दोरानं खाली सोडत. वर आभाळ ताटाएवढं. झऱ्याला वाटी लावायची आणि ती भरेपर्यंत गारव्यात डोळे मिटून थांबायचं. काठावर बायकांची रांग. दुसरा हंडा कुणी मागत नसे. एकदा एकीनं मागितला, तेव्हा सगळ्या नुसत्या बघत राहिल्या. तिनं हंडा मुकाट्यानं बाजूला घेतला.

इथंही दारादारांतून सगळ्या बघतच होत्या.

गोजराबाईंनी नळ बंद केला आणि स्वयंपाकघरात आल्या.

"मंजुषा, माझ्यानं नाय होत गं. पाणी वाया जाताना ती विहीर डोळ्यापुढं येती."

मंजुषा पोळ्या लाटत राहिली. गोजराबाई तांब्या भरून बाहेर गेल्या खऱ्या, पण ओंजळ उचलेना. पोरीला खाली बघायला लावायचं का आपण?

"अगंबाई! पुन्हा तांब्याच?" सुमनबाई ओरडल्या.

"आमच्यात असाच सडा घालतात, काकू."

मंजुषा दारात उभी होती. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, तांब्यात ओंजळ बुडवली आणि पाणी फेकलं. सगळं एकाच जागी थपकन पडलं.

"अशी नाय गं," गोजराबाई हसल्या, "बोटं जरा फाकव."

समोर सुमनबाईंची नळी तशीच वाहत होती. त्यांचं लक्ष मात्र मंजुषाच्या बोटांकडे लागलं होतं.