नुसती सही

"नुसत्या सहीला एवढं नटायचं, आणि आरसा म्हणून बघायला काय, तर ही धुळकट काच! हिच्यात अबोली कुठली नि केस कुठले, तेसुद्धा कळत नाही."

असं पुटपुटत रजनीबाईंनी पदराच्या टोकाने माझी काच घासली आणि केसांतला अबोलीचा वळेसर सारखा केला. मला राग आला नाही. निदान त्या निमित्ताने कोणीतरी माझं तोंड पुसलं.

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. गोव्यातल्या एका तालुक्याच्या गावी लग्नं नोंदवण्याची कचेरी आहे. तिच्या व्हरांड्यात, खिडकीला लागून, मी भिंतीत कायमचा ठोकलेला आहे. वासू चारी नावाच्या सुताराने मला फणसाच्या फळ्यांतून घडवलं. "याच्या पोटात माणसांची नावं राहायची आहेत, खिळ्याचं डोकं दिसता कामा नये," असं तो आपल्या मुलाला बजावत होता. त्याने मला काचेची दोन दारं बसवली, पाठीला हिरवं कापड लावलं, पितळी कुलूप घातलं. पहिले साहेब मला पाहून म्हणाले होते, "वा! लग्नघर वाटतं." मी फुशारलो. कुलूप बाहेरून लागतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती.

माझं काम सांगतो. आमच्याकडे लग्न दोन सह्यांनी होतं. पहिल्या सहीला दोघांनी जन्माचे आणि राहत्या जागेचे दाखले घेऊन यायचं आणि आम्हाला लग्न करायचं आहे असं सांगायचं. मग त्यांच्या नावांचा कागद माझ्या पोटात येतो. हे दोघे लग्न करू इच्छितात, कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी, असं त्यावर लिहिलेलं असतं. मुदत सरली की साक्षीदार घेऊन पुन्हा यायचं आणि दुसरी सही करायची. ती झाली की दोघे कायद्याने नवरा-बायको. भटजी आणि मांडव मागाहून येवोत न येवोत, कायदा त्यांच्यासाठी थांबत नाही. त्या दिवसापासून जे एकाचं ते निम्मं दुसऱ्याचं. घर विकायचं म्हटलं तरी जोडीदाराची सही लागते. वेगळं काही ठरवायचं असेल तर ते लग्नाआधीच रीतसर लिहून ठेवावं लागतं. कायदा चांगला आहे, मित्रांनो. कितीतरी बायकांच्या डोक्यावरचं छप्पर त्याने राखलेलं मी ऐकलं आहे.

पण आमच्या माणसांची एक खोड आहे. त्यांच्या लेखी लग्न म्हणजे मांडव. सही म्हणजे रेशन कार्डात नाव चढवण्यासारखं काहीतरी. हॉल वैशाखाशिवाय मिळत नाही, परदेशाचे कागद मात्र आत्ता करायचे असतात. म्हणून सही आधी उरकतात. मुलगी संध्याकाळी माहेरीच परतते, नेहमीच्या ताटात भात जेवते, आणि शेजारीण विचारते तेव्हा तिची आई सांगते, "लग्न वैशाखात. आता नुसती सही झाली."

या नुसत्या सहीत अडकलेली एक बाई मी जवळून पाहिली आहे. वृंदा वेर्णेकर तिचं नाव. चौदा वर्षांपूर्वी ते माझ्या हिरव्या कापडावर टाचणीने लावलेलं होतं. दुसरी सही झाली, आणि मांडवाच्या आधी महिनाभर दोन्ही घरं पहिल्या पंगतीचा मान कोणाचा यावरून हमरीतुमरीवर आली. सोयरीक मोडली. "सुटलो! नुसती सहीच तर होती," असं दोन्हीकडच्यांनी म्हटलं आणि मुलगा पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला निघून गेला.

तीन वर्षांनी वृंदाला दुसरं स्थळ आलं. ते तिच्या मनात भरलं. ती हसतमुखाने पहिल्या सहीला आली. इथल्या कारकून फर्नांडिस बाई आत रजिस्टर चाळत होत्या. चाळता चाळता त्या थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाय, तुझं लग्न झालेलं आहे गं."

वृंदा बाहेर आली आणि माझ्या काचेवर कपाळ टेकून उभी राहिली. बराच वेळ. ते स्थळ गेलं. कोर्टात अर्ज झाला. इंग्लंडला पाठवलेले कागद पत्ता सापडत नाही म्हणून परत आले. तारखा पडल्या, वकील वारले, आणि थोरल्या भावाने, उमाकांतने, सांगितलं, "पुरे झाला बोभाटा." तेव्हापासून त्या घरात म्हणतात, वृंदाचं जमलंच नाही. वडील गेल्यावर कुळागराचे, म्हणजे पोफळीच्या बागेचे, कागद झाले, तेव्हाही उमाकांतने तिच्या नावापुढे अविवाहित लिहवून घेतलं. नाहीतर त्या बेपत्ता नवऱ्याची सही कुठून आणायची? तेव्हापासून हा विषय घरात निघत नाही. काढला तर पोफळीसुद्धा हलतील, अशी सगळ्यांना भीती.

इकडे माझेही दिवस फिरले. हिरवं कापड उंदरांनी खाल्लं. वरच्या कोपऱ्यात पालीने अंडी घातली. कुलूप गंजलं आणि त्याची एकुलती एक किल्ली शिपाई बाबुसोच्या करगोट्याला गेली. लोक माझ्यावर टेकून फोनवर बोलतात, माझ्या काचेत भांग पाडतात, पण आतला कागद कोणी वाचत नाही. 'कोणाची हरकत असल्यास' असं मी आयुष्यभर विचारत आलो. हरकत घ्यायला आलेली माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजीन. आणि मला स्वतःला काही ठाऊक असलं तरी मी फळी. भिंतीतून हलायचं नाही, तोंड उघडायचं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या पोटात एक कागद आला. सुलक्षा उमाकांत वेर्णेकर आणि अभिजय पेडणेकर. सुलक्षा ही वृंदाची भाची. मुलगा कुवेतला नोकरीला, सुट्टीवर आलेला. बायकोला न्यायचं तर लग्नाचा दाखला लागतो, तो हाती आल्याशिवाय पुढचे कागद हलत नाहीत, म्हणून सही आत्ता आणि मांडव वैशाखात.

त्या मुदतीत सुलक्षा तीन वेळा एकटीच आली. आपलंच नाव वाचत उभी राहायची. तिचा फोन वाजायचा. पलीकडचा अभिजयचा आवाज मला ऐकू यायचा, इतकी ती जवळ असायची.

"कुठे आहेस?"

"बाजारात आले होते, आता कचेरीपाशी आहे."

"फोटो पाठव."

मग ती स्वतःचा फोटो काढून पाठवायची. मागे मी. अशा रीतीने माझीही पेडणेकरांच्या घरी हजेरी लागली.

तिसऱ्या खेपेला तिने बाबुसोला विचारलं, "मामा, हा कागद काढता येतो का?"

"कोणी हरकत घेतली तर."

"नवरीनेच घेतली तर?"

बाबुसो पोट धरून हसला. "अगो, नवरीच हरकत घ्यायला लागली तर आमची कचेरी बंद पडायची की!" तीही हसली. हसताना तिची नखं माझ्या काचेच्या लाकडी कडेत रुतली होती. त्या खुणा अजून आहेत.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात आणि कधी अशा कचेरीत आलात, तर माझी काच नाही पुसलीत तरी चालेल. पण आतली नावं वाचा. त्यांत ओळखीचं एखादं निघालं तर त्या माणसाच्या घरी जा, चहा प्या, आणि सगळे उठून गेले की हळूच विचारा, तुला हे हवं आहे ना? दुसरी सही होईपर्यंत मागे फिरता येतं. त्यानंतरची वाट कोर्टातून जाते, आणि ती किती लांब असते ते वृंदाला विचारा.

तर सुलक्षाची आई रजनीबाई माझ्या काचेत वळेसर सारखा करत होत्या, तो दुसऱ्या सहीचा दिवस. सुलक्षा बाकावर बसली होती, आणि बाकाच्या टोकाला तिची आत्या वृंदा, मांडीवर डबा घेऊन.

"रडून डोळे कसे करून ठेवलेस बघ," तिची आई म्हणाली. "जरा काजळ ओढ. अभिजय काय म्हणेल?"

"सहीच तर आहे, सुलू," उमाकांत म्हणाला. "वैशाखापर्यंत किती दिवस आहेत. मन रमतं हळूहळू."

अभिजय सगळ्यांसाठी भाजी-पाव घेऊन आला. वाईट दिसत नव्हता मुलगा. सासूला वाकून नमस्कार केला, वृंदाच्या हातात पाणी दिलं. मग सुलक्षाशेजारी बसून म्हणाला, "सकाळी दोनदा फोन केला. उचलला नाहीस."

"आंघोळीला गेले होते."

"चोवीस मिनिटं?"

हे सगळ्यांनी ऐकलं. उमाकांतने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रजनीबाई पुन्हा माझ्या काचेकडे वळल्या. मी त्यांचा चेहरा पाहिला, मित्रांनो. त्यांना सगळं कळत होतं.

तेवढ्यात फोन आला. सुलक्षाचे मामा साक्षीला यायचे होते, त्यांची फेरीबोट चुकली.

"थांबूया का थोडं?" सुलक्षाने विचारलं.

"थांबायचं कशाला? वृंदा आहे ना!" उमाकांत म्हणाला. "चल गं, एक सही तर ठोकायची आहे."

वृंदा उठली. डबा बाकावर ठेवून सगळ्यांच्या मागून आत गेली. खिडकी उघडीच होती. टेबलावर मोठं रजिस्टर पसरलेलं, आणि फर्नांडिस बाई नाकावरचा चष्मा सावरत लिहीत होत्या.

"साक्षीदार. नाव?"

"वृंदा वेर्णेकर."

"वय?"

"एक्केचाळीस."

"काय करता?"

"शिवणकाम."

"विवाहित की अविवाहित?"

"अविवाहित," उमाकांतने पटकन सांगितलं. "लिहा बाई, अविवाहित."

फर्नांडिस बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "साक्षीदार त्या आहेत. मी त्यांना विचारतेय."

वृंदाने भाचीकडे पाहिलं. सुलक्षाच्या हातात पेन होतं आणि ती त्याचं टोपण काढत होती, पुन्हा घालत होती.

"विवाहित," वृंदा म्हणाली.

"वृंदा!"

"चौदा वर्षं झाली, दादा. याच टेबलावर. तेव्हाही तू माझ्या शेजारी उभा होतास. सहीच तर आहे, असंच म्हणाला होतास."

"अगं, कुळागराचे कागद…" उमाकांत दात आवळून पुटपुटला.

"ठाऊक आहे. होऊ दे त्यांचं काय व्हायचं ते."

"हा काय प्रकार आहे?" अभिजय उठला. "आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"तिचं मनावर नका घेऊ हो," रजनीबाई गडबडीने म्हणाल्या. "एकटी राहून राहून तिचं डोकं…"

"डोकं ठिकाणावर आहे, वहिनी. एकटी कशामुळे राहिले ते तेवढं एकदा बोला." वृंदाचा आवाज चढला नव्हता. "लिहा बाई. विवाहित. नवरा कुठे आहे ते माहीत नाही."

फर्नांडिस बाईंनी लिहिलं. अक्षर न अक्षर लावून, सावकाश. मग त्यांनी रजिस्टर सुलक्षापुढे सरकवलं, पण तळवा पानावर तसाच ठेवला.

"बाय, एक प्रश्न मला विचारावाच लागतो. रोज विचारते आणि उत्तर यायच्या आधी पान उलटते. आज थांबते. तू राजीखुशीने आलीस का? तुला याच्याशी लग्न करायचं आहे?"

"करायचं आहे म्हणजे काय! आली आहे ना इथवर," उमाकांत म्हणाला.

"तुम्ही जरा गप्प बसा."

बाबुसो दारात उभा होता, त्याच्या हातातला चहा निवत होता. सुलक्षाचा फोन टेबलावर होता. तिने तो पालथा घातला. पेन खाली ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. इतकं हळू, की फर्नांडिस बाई पुढे वाकल्या.

मग ती आईकडे वळली, आणि व्हरांड्यातल्या बाकावरची परकी माणसंसुद्धा माना वळवून पाहू लागतील, एवढ्या मोठ्याने म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मला हे लग्न नको आहे."