डावा हात, अठ्ठावन्न टक्के

बिबवेवाडीतल्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी दीडशे माणसं पडद्याकडे टक लावून बसली होती. पडद्यावर हिरव्या रेघा थरथरत होत्या. मंचावर कोथरूडचे निवृत्त बँक अधिकारी अनिरुद्ध फाटक बसले होते. त्यांच्या डोक्यावर तारांनी मढवलेलं हेल्मेट होतं. मागे उभे राहून तरंगगुरू आमोदजी माइकवर सांगत होते, "आता उजव्या हाताचा संकल्प करा. डोळे गच्च मिटा. दात आवळा. जोर लावा, जोर."

फाटकांनी जोर लावला. रेघा उसळून पडद्याबाहेर जातात की काय असं झालं आणि मग खाली आकडा उमटला : उजवा हात, ४४ टक्के. टाळ्यांचा कडकडाट झाला. फाटकांचा उजवा हात मांडीवर होता तसाच पडून होता, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या रांगेतल्या नंदा ओव्हाळ यांचं होतं. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाई त्या. फळ्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा प्रयोगाच्या नळीत काय चाललंय हे बघायची त्यांची सवय अजून गेली नव्हती.

फाटकांनंतर नंदाबाईंच्या यजमानांचा नंबर लागला. दशरथ ओव्हाळ उभी हयात शहर बस चालवून निवृत्त झाले आणि सात महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, पाय सावरला, डावा हात मात्र गेला. फिजिओथेरपी करणारी मुलगी रोज घरी यायची. चार महिन्यांत तिने त्या हातात स्टीलचं भांडं धरता येईल इथपर्यंत मजल मारली होती. मग कोणीतरी आमोदजींचं नाव सांगितलं.

आमोदजी दोन वर्षांपूर्वी ह्याच कार्यालयात पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. मग त्यांचं मन पाण्यावरून उठलं आणि मेंदूकडे वळलं. त्यांचं तत्त्वज्ञान सोपं होतं. "आधी लहर येते, मग हात. लहर म्हणजे कनेक्शन, हात म्हणजे बल्ब. कनेक्शन आलंय ना? बल्ब यथावकाश लागेल. आणि व्यायाम बंद. व्यायाम म्हणजे हातावर सक्ती. सक्तीने लहर रुसते."

दशरथरावांची ही पाचवी बैठक. त्यांनी आपलं बैठकीचं कार्ड यंत्राला लावलं, डोळे मिटले, दात आवळले. डावा हात, ५८ टक्के.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर मजकूर झळकला : 'श्री. दशरथ ओव्हाळ यांच्या डाव्या हाताने ५८ टक्के मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' सेक्रेटरींनी जिन्यात गाठून सांत्वनही केलं. "फर्स्ट क्लास दोन टक्क्यांनी हुकला. पुढच्या वेळी बघा."

घरी दशरथराव डावा हात उशीवर ठेवून बसत, निकाल लागलेल्या मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत.

"अहो, एक बटण लावून दाखवा," नंदाबाई म्हणाल्या.

"बटण पासष्टच्या पुढे. गुरुजींनी सांगितलंय."

"मागे भांडं धरत होतात."

"तेव्हा लहर नव्हती, नंदा. ते नुसतं धरणं होतं."

त्या संध्याकाळी त्या त्यांची नखं कापायला बसल्या. डाव्या हाताची बोटं आत वळून मूठ घट्ट झाली होती. एकेक बोट सोडवताना दशरथरावांनी दोनदा हात मागे घेतला. तळव्यावर नखांचे चार लाल व्रण होते. दुसऱ्या दिवशी नंदाबाई रिक्षा करून निकिताकडे गेल्या.

निकिता त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता एका मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या लहरींची नोंद घेणारी तंत्रज्ञ होती.

"बाई, लहरी मोजणं खोटं नाही," ती म्हणाली. "आम्हीही मोजतो. हात हलवायचा नुसता विचार केला, तरी मेंदूच्या विरुद्ध बाजूला, हाताचं काम बघणाऱ्या भागावरचा एक ताल मंदावतो. झटक्यानंतर तो कितपत मंदावतो ते बघून हाताकडे जाणारा रस्ता किती शाबूत आहे, ह्याचा अंदाज येतो. डॉक्टर हाताची तपासणी करतात आणि दोन्ही मिळून ठरवतात. पण ती मोजणी झाली. थर्मामीटर लावून ताप उतरत नाही."

"मंदावतो म्हणतेस. तिथे तर रेघा उसळतात."

"काय करायला सांगतात?"

"दात आवळायला."

निकिता हसली. "मग त्या जबड्याच्या स्नायूंच्या रेघा, बाई. आम्ही पेशंटला आधी सांगतो, जबडा सैल सोडा, पापणीसुद्धा हलवू नका. हे नेमकं उलटं सांगतात."

"आणि टक्के?"

"ते कुठून काढतात, मला नाही सांगता येणार."

ते नंदाबाईंनीच शोधलं. आमोदजींच्या भक्तांचा 'तरंग परिवार' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता आणि प्रत्येक जण आपापले टक्के त्यावर टाकत असे. नंदाबाई चष्मा लावून मागे मागे जात राहिल्या. फाटकांच्या तिसऱ्या बैठकीला ४४. दशरथरावांच्याही तिसऱ्या बैठकीला ४४. खडकवासल्याकडच्या इंदुबाईंच्या पायालाही तिसऱ्या बैठकीला ४४. पाचवी बैठक झालेले सगळे ५८. उजवा असो, डावा असो, हात असो की पाय. इतकी वर्षं पेपर तपासलेल्या बाईंना कॉपी ओळखायला वेळ लागला नाही.

पंधरा दिवसांनी पुढची बैठक होती. निघताना नंदाबाई भाजीवाल्याकडे थांबल्या. "लाल भोपळा द्या. माणसाच्या डोक्याएवढा."

"कापून देऊ?"

"नको. अख्खाच उपयोगाचा आहे."

कार्यालयात आमोदजींनी नेहमीप्रमाणे आव्हान दिलं. "कोणाला शंका असेल त्याने पुढे यावं. हे हेल्मेट कोणाच्याही डोक्यावर ठेवा. यंत्र खोटं बोलत नाही."

नंदाबाई उठल्या. "कोणाच्याही?"

"कोणाच्याही, ताई. दीडशे लोकांसमोर सांगतो."

त्यांनी पिशवीतून भोपळा काढला, मंचावरच्या खुर्चीत ठेवला आणि त्यावर हेल्मेट बसवलं. ते छान बसलं. मग दशरथरावांचं कार्ड यंत्राला लावलं. आमोदजी पुढे आले, पण पहिल्या रांगेतल्या फाटकांनी काठी आडवी धरली. "राहू द्या. शब्द दिलाय तुम्ही."

पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या. चांगल्या ठसठशीत.

"संकल्प कर," नंदाबाईंनी वर्गातल्या आवाजात भोपळ्याला सांगितलं.

आकडा आला : दशरथ ओव्हाळ, डावा हात, ६६ टक्के.

मागून दोघातिघांनी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मधेच थांबवल्या.

"चराचरात चेतना आहे," आमोदजी सावरून म्हणाले. "भोपळ्यातही आहे."

"असेल. पण त्याला डावा हात कुठून आला?"

"माझ्यापेक्षा बावीस टक्के पुढे आहे तो," फाटक शांतपणे म्हणाले. "माझंही कार्ड लावा."

त्यांची ही चौथी खेप होती. उजवा हात, ५१ टक्के.

इंदुबाई लंगडत पुढे आल्या. "माझं बी लावा. पाय हाय माझा. ही सहावी बारी."

उजवा पाय, ६६ टक्के. पाच मिनिटांत भोपळ्याला दोन हात आणि एक पाय फुटला. त्याला अजून चालवून बघा, असं कोणीतरी सुचवलं.

"यंत्राला विश्रांती हवी," म्हणत आमोदजींनी वायर उपटली.

मग नंदाबाईंनी माइक घेतला आणि निकिताला पुन्हा विचारून पक्कं केलेलं सगळं समजावून सांगितलं. ह्या तारा आजूबाजूच्या विजेचा, पंख्याचा, ट्यूबलाइटचा गोंगाट पकडतात, म्हणून भोपळ्यालाही रेघा येतात. माणसाने दात आवळले की जबड्याचे स्नायू त्यात भर घालतात. आणि टक्के मेंदूतून येत नाहीत, कार्डातून येतात. कितवी खेप आहे तेवढंच यंत्र बघतं. लोक ऐकत होते तोवर आमोदजी मागच्या दाराने गेले. हेल्मेट भोपळ्यावरच राहिलं. फाटकांनी आणि इंदुबाईंनी पोलीस चौकीत अर्ज दिला. सोबत पुरावा म्हणून भोपळा नेला, तो हवालदाराने नाकारला.

घरी आल्यावर दशरथराव म्हणाले, "घरीच सांगता आलं असतं."

"सांगितलं होतं. तीनदा."

"दीडशे लोकांसमोर भोपळ्यावर माझं नाव."

"ते चुकलं माझं," नंदाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचं कार्ड मागायला हवं होतं."

मग दशरथराव डाव्या मुठीकडे बघत म्हणाले, "मी काही खुळा नाही, नंदा. ती फिजिओवाली रोज सांगायची, अजून जमत नाहीये, पुन्हा करा. हा एकटाच माणूस सांगत होता की मी बरा होतोय."

नंदाबाई त्यांच्याशेजारी बसल्या. इतके दिवस त्या यंत्राशी भांडत होत्या. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी ती मूठ हातात घेतली आणि एकेक बोट हळूहळू उघडायला लागल्या. ह्या वेळी दशरथरावांनी हात मागे घेतला नाही.

फिजिओवाली मुलगी पुन्हा यायला लागली. वाया गेलेले अडीच महिने भरून काढायला पहिले सहा आठवडे लागले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून निकिताने खरी नोंदही घेतली. जबडा सैल, खोलीत शांतता, आणि डावा हात हलवायचा नुसता विचार. ताल थोडा मंदावला. अगदी थोडा.

"म्हणजे रस्ता बंद नाही, काका," ती म्हणाली. "अरुंद आहे. रोज जा-ये केलीत तर उपयोग होईल. पण हात पूर्वीसारखा होईल असं मी म्हणणार नाही."

"खरं बोललीस," दशरथराव म्हणाले. "बरं वाटलं."

दिवाळीपर्यंत त्यांना डाव्या हाताने ताट दाबून धरता यायला लागलं. बटण अजून नंदाबाईच लावतात.

झटका येऊन गेलेल्यांचा आता एक गट जमतो, दर रविवारी, त्याच कार्यालयाच्या अंगणात. मध्यंतरी तिथे कोणीतरी नव्या चुंबकाच्या टोपीची गोष्ट काढली. सगळे नंदाबाईंकडे बघायला लागले.

"यंत्र आहे म्हणून हात जोडू नका आणि यंत्र आहे म्हणून झिडकारूही नका," त्या म्हणाल्या. "ते काय मोजतं, विचारा. कोणी तपासलंय, विचारा. हात हलला का, ते पडद्याला विचारू नका, हाताकडे बघा. आशा सोडू नका, पण ती पारखून घ्या. आणि ह्या प्रश्नांचा ज्याला राग येईल, त्याच्याकडे पाठ फिरवून सरळ चालू लागा."

"मला येळ लागंल," इंदुबाई काठी सावरत म्हणाल्या. "पर जाईन."