जनावरांच्या दवाखान्यातले गोल कोपऱ्यांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. जेवायचे नव्हे आणि लिहायचेही नव्हे. जनावरांच्या दवाखान्यात ज्याच्यावर आजारी कुत्री-मांजरे ठेवून तपासतात ना, ते स्टीलचे उंच टेबल. आता मी दवाखान्याच्या बाजूच्या खोलीत भिंतीला लागून उभे आहे. माझ्यावर खाद्याच्या पिशव्यांची चळत रचली आहे. वजनाचे मला काही नाही, जन्मभर वजनच पेलले. पण या पिशव्यांमध्ये धडधडणारे काळीज नाही, एवढीच काय ती खंत.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. तिथे खाटा, कपाटे आणि खिडक्यांचे गज बनत. एके दिवशी एक उंच, किडकिडीत माणूस माझे माप कागदावर काढून घेऊन आला. हे जनावरांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना लवकरच निघायचा होता. वेल्डरने माझे कोपरे काटकोनात कापायला घेतले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कोपरे गोल करा."

"काम वाढेल, साहेब."

"वाढू द्या. भ्यालेलं जनावर आधी कोपऱ्यात शिरतं. तिथं त्याला खरचटायला नको."

वेल्डर हसून म्हणाला, "टेबल करायचंय की पाळणा?"

"दोन्हीच्या मधलं काहीतरी करा," डॉक्टर म्हणाले. तसे त्याने मला केले.

दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेर लाकडी बाक, आत मी. स्टीलवर जनावरांचे पाय घसरतात आणि पोटाला गार लागते, म्हणून मावशींनी माझ्यावर जाड रबराचा तुकडा बेतून घातला. मावशी म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालच्या बाई. जनावर धरायचे काम त्यांचे. कुत्र्यांना त्या "अहो" म्हणत आणि कुत्र्यांच्या मालकांना "अरे". "अहो, जरा मान इकडे करता का?" असे त्या म्हणाल्या की भलाथोरला कुत्राही गप्प होई, आणि मालक अंग चोरून उभा राही.

माझ्या त्या दिवसांबद्दल किती सांगू? तोंडात गळ अडकलेली मांजर आली. पंख तुटलेला पोपट आला, तो डॉक्टरांना शिव्या देत बरा झाला. एक म्हातारे गृहस्थ कासव घेऊन आले आणि म्हणाले, "हा हल्ली फार सावकाश चालतो." डॉक्टरांनी हसू दाबत त्याची नखे कापून दिली. पैशांविषयी डॉक्टर बाहेर बोलत. कुणाची अडचण असली की म्हणत, "आधी हा बरा होऊ दे, मग बघू." बहुतेकांनी नंतर आठवणीने दिले. काहींनी दिले नाहीत. दवाखाना त्यामुळे बंद पडला नाही.

या दिवसांतच एकदा शेजारच्या गल्लीतले शिंपीकाका आले. एकटा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. त्यांनी गळ्यातल्या मोजपट्टीसकट येऊन माझ्यावर कुत्रीचे एक पिल्लू ठेवले. दुकानाबाहेर चिंध्यांच्या पेटीत ते कुणी तरी टाकून गेले होते. अंगावर केसांपेक्षा पिसवा जास्त. डॉक्टरांनी ते दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतले, कानाशी धरले आणि म्हणाले, "काळीज ठणठणीत आहे. नाव काय ठेवणार?"

शिंपीकाकांनी त्या काळ्याभोर गोल डोळ्यांकडे पाहिले. "बटण," ते म्हणाले.

मग बटण दर वर्षी लस टोचायला येऊ लागली. सुई टोचली की ती डॉक्टरांकडे नाही, शिंपीकाकांकडे रागाने बघे, जणू त्यांनीच टोचली. डॉक्टर म्हणत, "बरोबर आहे तिचं. घरी सुया तुमच्याच हातात असतात." बटणचा गर्भाशय काढून टाकण्याविषयी डॉक्टर दोनदा बोलले होते. शिंपीकाकांचा जीव धजेना. "उगाच चांगल्या जिवाला कापायचं कशाला?" ते म्हणायचे. ती कधी फारशी आजारी पडली नाही, म्हणून तो विषय तसाच राहून गेला.

वर्षे गेली. डॉक्टरांचे केस पांढरे झाले, तेही कुणाच्या लक्षात आले नसते. पण एक दिवस मांजरीला टाके घालताना त्यांचा हात थरथरला. मावशींनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. दुसऱ्या वेळी मात्र त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आता पुरे."

त्यांच्या जागी बसायला कोणी नव्हते. मुलगी दूर देशात, वेगळ्याच कामात. तेव्हा एक मोठी कंपनी पुढे आली. असे बरेच दवाखाने त्या कंपनीने घेतले होते. कोट घातलेले दोन गृहस्थ आले, माझ्यावर कागद पसरून बोलले. नवी यंत्रे आणू, शिकलेले डॉक्टर नेमू, पाटीवर नाव तुमचेच ठेवू, असे ते म्हणाले. "आणि लोकांना आत्ताच काही सांगायला नको. उगाच घाबरतात. काही महिने तुम्ही येऊन बसत चला, म्हणजे सगळं अंगवळणी पडेल."

डॉक्टरांनी कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "जनावरांची आबाळ होणार नाही ना?"

"उलट चांगली सोय होईल," ते म्हणाले. डॉक्टरांनी सही केली.

मित्रांनो, मला खोटे बोलायचे नाही. सोय खरोखरच झाली. रक्त तपासायचे यंत्र आले, सोनोग्राफी आली, भिंती पांढऱ्या झाल्या. पूर्वी ज्या मांजरीचा आजार कळलाही नसता, तिला एका दुपारी तपासून वाचवलेले मी पाहिले आहे. नव्या डॉक्टरीणबाईही चांगल्या होत्या. तरुण, हसऱ्या, हाताला हलक्या. जनावर माझ्यावर ठेवण्याआधी स्वतःचे तळवे चोळून गरम करीत.

पण काही महिन्यांनी डॉक्टरांचे येणे थांबले. मावशींना दुसऱ्या शाखेत पाठवायचे ठरले. ती शाखा फार लांब, म्हणून त्यांनी काम सोडले. जाताना माझ्यावरून ओले फडके फिरवले आणि एकदाही मागे वळल्या नाहीत. त्यानंतर दर वाढले. एकदा वाढले, पुन्हा वाढले. नुसते दाखवायला आलेल्या कुत्र्याच्याही चार तपासण्या कराव्या लागत, कारण वरून तसे ठरलेले असे. डॉक्टरीणबाई एखादी तपासणी टाळू गेल्या की कंपनीने नेमलेले व्यवस्थापक हळूच दारात येऊन उभे राहत. ते काही दुष्ट नव्हते. "बाई, मलाही वर तोंड द्यावं लागतं," एवढेच म्हणत.

याचा परिणाम मला सगळ्यांच्या आधी कळला. पूर्वी लोक खरूज घेऊन येत, लंगडणे घेऊन येत. आता ती दुखणी येईनाशी झाली. येत ती शेवटच्या घटका मोजणारी जनावरे. लोक घरी वाट बघत बसत, आज बरा होईल, उद्या बरा होईल म्हणत. खर्चाच्या धास्तीने त्यांचे पाऊल उचलत नसे. आणि उचलेपर्यंत फार उशीर झालेला असे.

अशातच एका सकाळी शिंपीकाका बटणला कडेवर घेऊन आले. बटण आता तोंडाने पांढरी झाली होती. खात नव्हती, सारखे पाणी पीत होती, पोट फुगले होते. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "काका, गर्भाशयात पू झालाय. आजच शस्त्रक्रिया केली तर वाचेल. नक्की वाचेल."

"मग करा की," शिंपीकाका म्हणाले.

तेवढ्यात व्यवस्थापकांनी खर्चाचा कागद आणून माझ्या कडेवर ठेवला. शिंपीकाकांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"हे सगळं आजच भरायचं?"

"निम्मे आधी भरावे लागतात."

"हप्त्यानं चालेल का? मी इथला जुना माणूस आहे."

व्यवस्थापकांनी फोन लावला. हप्त्यासाठी ठरावीक पगार लागतो, असे पलीकडून कळले. शिंपीकाकांना पगार कुठला? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या पगारातून कापून घ्या." व्यवस्थापक मान खाली घालून म्हणाले, "बाई, तशी परवानगी नाही. मागच्या महिन्यात तुम्ही हेच विचारलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी एक इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या आणि सरकारी दवाखान्याचा पत्ता सांगितला. "पण थांबू नका, काका. आजच जा."

त्या वेळी मी तिथेच होते. थोड्याच अंतरावर, दोन गल्ल्या सोडून, डॉक्टर आपल्या घरी बसले असतील, त्यांना एक शब्द कळला तरी पुरे, हे मला माहीत होते. त्या खोलीत ते माहीत असणारे दुसरे कोणी उरले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी डॉक्टरांना सुरुवातीला नुसते येऊन बसताना पाहिलेले, तेवढेच. आणि टेबलाला कोण विचारतो?

शिंपीकाका तीन दिवसांनी परत आले. सरकारी दवाखान्यात कापाकापीचे डॉक्टर सुटीवर होते, पुढच्या आठवड्यात या म्हणाले होते. मग शिंपीकाकांनी दुकानातले काजे करायचे मशीन विकले. पैसे जमवून ते धावत आले होते. पाकीट त्यांनी आल्याआल्या व्यवस्थापकांच्या हातात दिले. बटण मात्र माझ्यावर ठेवल्यावर उठली नाही. तिचे अंग गार होते आणि श्वास उथळ.

डॉक्टरीणबाईंनी तपासले. पोटावरून हळूच हात फिरवला. "काका, आत फुटलंय," त्या म्हणाल्या. "आता कापलं तर ती त्यातच जाईल. तिचे हाल थांबवणं एवढंच आपल्या हातात आहे."

शिंपीकाकांनी बटणचा कान दोन बोटांत धरला, कापडाचा पोत बघावा तसा. मग म्हणाले, "डॉक्टरांना एकदा बोलवाल का? तिला पहिल्यांदा त्यांनीच हातात घेतलं होतं."

फोन गेला. डॉक्टर घरच्या चपलांनीच आले. दारात त्यांनी सगळ्या पांढऱ्या भिंतींकडे पाहिले, आणि मग मी दिसल्यावर सरळ माझ्याकडे आले. बटणने डोळे उघडले. त्यांच्या बोटांचा वास घेतला.

सगळे ऐकून घेतल्यावर डॉक्टरांचा आवाज चढला. "अहो, मग माझ्याकडे का नाही आलात? घर माहीत नाही का माझं?"

शिंपीकाका शांतपणे म्हणाले, "आलोच होतो की. इथं आलो होतो. पाटीवर तुमचंच नाव आहे. मला वाटलं, तुम्ही वर कुठंतरी बसत असाल. दर तुम्हीच ठरवले असतील. तुम्हीच नाही म्हणालात, तर तुमच्या घरी येऊन पाय धरायचे का?"

डॉक्टरांनी माझी कड घट्ट पकडली.   सुई डॉक्टरीणबाईंनी दिली. डॉक्टरांनी बटणचे डोके धरले आणि शिंपीकाकांनी पाय. या वेळी बटणने कुणाकडेही रागाने पाहिले नाही.

शिंपीकाकांनी तिला कुणाच्यातरी कोटाच्या अस्तरासाठी आणलेल्या नव्या कापडात गुंडाळले आणि उचलून नेले. पाकिटातले उरलेले पैसे व्यवस्थापकांनी मोजून परत दिले. ते त्यांनी तसेच खिशात कोंबले.

पुढे डॉक्टर एकदा व्यवस्थापकांकडे आले. "माझं नाव काढून टाका," म्हणाले. व्यवस्थापकांनी वर विचारले. उत्तर आले की करारात दवाखान्याबरोबर नावही विकत घेतले आहे, ते काढता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मी माझं नावसुद्धा विकलं." व्यवस्थापकांनी त्यांच्यासाठी पाणी मागवले. ते न पिताच डॉक्टर निघून गेले.

डॉक्टरीणबाईंनी त्याच वर्षी नोकरी सोडली. मग बटण दाबले की वरखाली होणारे नवे टेबल आले आणि मला या खोलीत ढकलण्यात आले. इथल्या खिडकीतून दवाखान्याच्या पायऱ्या दिसतात. रोज सकाळी डॉक्टर तिथे येऊन बसतात. कुणी मांजर, कुणी कुत्रा घेऊन आले की उठून म्हणतात, "पाटीवर नाव आहे तो मी. पण दवाखाना माझा नाही. आत चांगले डॉक्टर आहेत, जरूर दाखवा. फक्त खर्च आधी विचारा. नाही परवडला, तर घरी जाऊन बसू नका. मला येऊन सांगा, आपण काहीतरी करू." व्यवस्थापकांनी त्यांना दोनदा बाजूला बसायला सांगितले. ते एक पायरी खाली सरकले. काही लोक थांबून ऐकतात. काही जण त्यांना खुळा म्हातारा समजून वळसा घालून जातात.

शिंपीकाका या रस्त्याने पुन्हा आलेले मी पाहिले नाहीत. डॉक्टर मात्र अधूनमधून त्यांच्या गल्लीच्या दिशेने बघत असतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे मुके जनावर असेल. त्याला घरी आणाल तेव्हा त्याच्या दुखण्याखुपण्याचीही थोडी तजवीज करून ठेवा. ते खाईनासे झाले तर उद्याची वाट बघू नका. दवाखान्याची पाटी वाचून थांबू नका, आत बसलेल्याला विचारा की हे कुणाचे आहे आणि दर कोण ठरवते. आणि अडचण आली तर लाजू नका. शेजाऱ्याला सांगा, ओळखीच्या माणसाला सांगा, दार वाजवा. तुमच्या जनावराला बोलता येत नाही. मलाही त्या दिवशी बोलता आले नाही. तुम्हाला येते.