पाहुण्यांसाठी पुसलेली हवा

आमच्या कारखान्यात स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे दगड कापतात. मी कडा घासते, आणि माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, कापायच्या यंत्रावर असतात. असायचे. वर्षभर त्यांचा खोकला थांबत नव्हता. घरचा जिना चढताना मधेच थांबून भिंतीचा रंग बघत उभे राहायचे, जणू रंग लावायचं कंत्राटच घेतलंय.

म्हणून मला धूळ ओढायचा पाइप हवा होता. यंत्राच्या डोक्यावर बसवला की धूळ नाकात जायच्या आत वर जाते. मालकांना सांगून सांगून तोंड दुखलं. मालक म्हणायचे, "पुरावा दाखवा." आता धूळ काय डब्यात भरून देऊ?

तेवढ्यात ते संशोधनवाले उगवले. एक सर, एक मॅडम. "आम्ही तुमच्यावर नाही, तुमच्यासोबत संशोधन करणार," सर म्हणाले. सोबत म्हणजे काय, तर त्यांनी बोलायचं आणि आम्ही मान हलवायची. तरी म्हटलं, हवा मोजतायत ना, मोजू देत बापडे. पुरावा मिळेल, पाइप येईल, भाऊजी सुटतील.

पण आमच्या लोकांची अक्कल बघा. सर आदल्या दिवशी फोन करायचे, की उद्या येतोय. झालं. पाहुणे येणार म्हणून फरशीवर पाणी मारायचं, दगड पुसायचे, खिडक्या सताड उघडायच्या. भाऊजी तर यंत्रच बंद ठेवायचे. "वहिनी, आवाजात त्यांना बोलता येत नाही. बरं दिसत नाही ते." खोकून खोकून माणूस अर्धा झालाय आणि याला बरं दिसण्याची पडलीय. सर भिंतीला आपली हवा मोजायची डबी लावायचे, ती पुसलेल्या हवेत सुखानं टिकटिक करायची, आणि सगळे एकमेकांना धन्यवाद देऊन घरी जायचे.

अहवाल आला. हवा समाधानकारक. मालकांनी तो दारावर चिकटवला, देवाच्या फोटोसारखा. पाइपाचं नाव काढलं की तिकडे बोट दाखवायचे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण शिकलेल्या माणसांच्या कागदापुढे माझं कोण ऐकतंय?

पुढच्या वर्षी ते पुन्हा मोजायला आले. पुन्हा झाडलोट, पुन्हा धन्यवाद. ते गेले, यंत्रं सुरू झाली. आणि मॅडम आपली वायर विसरल्या म्हणून परत आल्या. दारातच थबकल्या. धुळीत समोरची भिंत दिसत नव्हती, भाऊजी तर कंबरेपर्यंतच दिसत होते.

"हे रोज असं असतं?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही असता तेव्हा नसतं."

"मग आम्ही आल्यावर बंद का ठेवता? इतकं साधं कळत नाही?"

"आणि तुम्ही सांगून का येता? धूळ काय वेळ ठरवून भेटते?"

चांगलीच जुंपली आमची. त्या मला अडाणी म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावर होतं. मी त्यांना दिवटी म्हटलं, आणि ते तोंडानं म्हटलं. मग त्या दगडावर मटकन बसल्या. पांढरीशुभ्र पँट, तिचं वाटोळं झालं. "वर्ष फुकट गेलं," एवढंच म्हणाल्या.

तुमचं गेलं असेल वर्ष. आमचा माणूस चाललाय. हेही मी बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम फोन न करता यायला लागल्या. डबी भिंतीवरून निघाली आणि भाऊजींच्या कॉलरला लागली, नाकाजवळ. ती सकाळी लावायची, संध्याकाळी काढायची, हे काम माझं. भाऊजी लाजायचे. "मॅडमना त्रास होतोय," म्हणायचे. मी दटावलं, की यंत्र बंद केलंत तर घरी जेवण बंद. यंत्र चालू राहिलं. आकडे असे आले की सरांचं 'समाधानकारक' पार झोपलं. ते बघून सरकारच्या तपासणीवाल्या खात्याची माणसं आली, मालकांनी मुकाट पाइप बसवला.

त्याच सुमाराला मॅडमनी भाऊजींच्या छातीचा फोटो काढून घेतला. डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं.

नंतर सभागृहात कार्यक्रम झाला. सर तास-दीड तास 'लोकसहभागाचं यश' सांगत होते. दिवे लावले ते आमच्या फडक्यांनी आणि सरांच्या फोननं, पण ऐकताना वाटावं की सगळं आधीपासून ठरलेलंच होतं. मी जांभई लपवलीसुद्धा नाही.

कार्यक्रम संपल्यावर भाऊजी मॅडमजवळ गेले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा खुललेला. "मॅडम, हवा आता स्वच्छ झाली. मग सोमवारपासून येऊ ना मी कामावर?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला सगळं माहीत होतं. घरी सांगायची माझी छाती झाली नव्हती. तरी मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? सोबत काम केलंय ना? मग सांगा सोबतीनं."

त्यांनी भाऊजींना खुर्चीवर बसवलं, शेजारी बसल्या आणि सांगितलं. फुप्फुसात बसलेली धूळ निघत नाही. आता हवा कितीही स्वच्छ झाली तरी दगडाजवळ उभं राहायचं नाही, कधीच. भाऊजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि पहिल्याच वेळी बरोबर मोजलं असतं तर?"

"तर बहुतेक वाचला असतात तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

भाऊजी म्हणाले, "यंत्र मीच बंद करायचो."