सुलट अक्षरांचे ब्रेक

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच गावभर सांगत असल्यामुळे कुणाला शंकाही उरली नव्हती. उरलेल्या वेळात तो आपल्या दोन दारांच्या लाल गाडीच्या मागे असायचा. तिचं इंजिन त्यानं हौसेनं तगडं करून घेतलं होतं. पळायची अशी की पोटात गोळा यावा. थांबण्याच्या बाबतीत मात्र तिचं स्वतःचं मत असायचं.

ते मत बायकोला एका लांबलचक उतारावर कळलं. ब्रेक तापून ढिले पडले, गाडी ऐकेना, आणि शेवटी वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. बायको उतरली, केसांतली वाळू झटकली आणि बसनं घरी गेली. त्यानंतर ती त्या गाडीत बसली म्हणून नाही. पेंटर एकटाच फिरायला निघायचा आणि अर्ध्या रस्त्यातून तोंड पाडून परत यायचा. शेजारी नावं ठेवायला कुणी नसेल तर वेगात कसली आलीय मजा? त्याला ती बाजूच्या सीटवर परत हवी होती, बाकी सगळी नाटकं.

म्हणून त्यानं चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या मोठ्या डिस्क मागवल्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दणकट कॅलिपर. काम घरीच करायचं, कारण गॅरेजवाल्यांना त्याच्या मते सौंदर्यदृष्टी नसते. कॅलिपर खोक्यातून काळेकुट्ट निघाले. पेंटरचे हात शिवशिवले. जेवणाच्या टेबलावर ते ठेवून त्यानं दोन्हींवर पिवळ्याधमक रंगात ‘बिनधास्त’ असं रंगवलं, अक्षरांना सावली दिली आणि बायको घरी नसताना ओव्हनमध्ये भाजून रंग पक्का केला. पुढच्या केकला टर्पेंटाइनचा वास आला, त्याबद्दल त्यानं बरंच ऐकून घेतलं.

रविवारी सकाळी पोर्चमध्ये गाडीचं पुढचं अंग उचलून, खाली स्टँड लावून त्यानं चाकं काढली. जुने ब्रेक उतरवले. डावीकडे डावा कॅलिपर लावून पाहिला तर अक्षरं खाली डोकं वर पाय. टेबलावर रंगवताना वरची बाजू कुठली हे या कलावंतानं पाहिलंच नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या वाकड्या पाट्यांना हसलेला माणूस कपाळाला हात लावून फरशीवर बसला.

मग त्याला युक्ती सुचली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. बोल्ट बरोबर बसले आणि अक्षरं झोकात उभी राहिली. फक्त हवा काढायचा बारका नट, जो वरच्या टोकाला असायला हवा, तो दोन्हीकडे तळाशी गेला. पेंटरनं ते पाहिलं आणि सोयीस्करपणे दुसरीकडे पाहिलं.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली नट सैल करून तेल आणि हवा बाटलीत सोडायची. पेंटरनं बायकोची मनधरणी केली. गाडीला पुढची चाकंच नाहीत, मग ती जाणार कुठे, हा मुद्दा तिला पटला. ती नाइलाजानं स्टिअरिंगमागे बसली.

दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. बाटलीमागून बाटली भरली, पण पेडल आपलं मळलेल्या कणकेसारखं मऊ. पेंटरनं आधी तेलाला दोष दिला, मग नळीला, आणि शेवटी बायकोच्या पायाला. तेव्हा ती खाली उतरली. इस्पितळात नर्स होती, सिरिंजमधली हवा रोज काढायची. तिनं वाकून पाहिलं.

“हवा वर जाते ना?”

“हो.”

“मग हा नट खाली का?”

“या मॉडेलला तसंच असतं,” पेंटर म्हणाला.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “उतारावर जळका वास आला तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात. ‘या गाडीला असा वास येतोच.’ ब्रेक गेले याचा मला राग नाही हो. तुम्हाला पहिल्याच वळणावर कळलं होतं आणि माझ्यापासून लपवलंत, याचा आहे.”

पेंटरला वाटलं, खालचे स्टँड काढावेत आणि गाडी अंगावर घ्यावी. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

“अक्षरं उलटी दिसत होती,” तो पुटपुटला. “म्हणून मी अदलाबदल केली. नट खाली गेलाय, तेही मला दिसलं होतं.”

बायको मडगार्ड धरून हसत सुटली. हसून झाल्यावर तिनं एवढंच सांगितलं की आता ते कॅलिपर काढा. त्यानं निमूटपणे काढले आणि जिथले तिथे लावले. दोन्ही ‘बिनधास्त’ शीर्षासनात गेले. बायको परत स्टिअरिंगमागे बसली. पुन्हा दाब, धर, सोड, आणि या वेळी पेडल हळूहळू दगडासारखं घट्ट झालं.

चाकं बसवून गाडी खाली उतरवली तरी बायको जागची हलली नाही. तिनं त्याला शेजारच्या सीटकडे बोट दाखवलं आणि किल्ली फिरवली. पेंटरला आनंद मावेना. गाडी फाटकापर्यंत आली तेव्हा त्याला एकदम आठवलं. उजवं चाक लावताना तो मध्येच उलटी अक्षरं बघून हळहळत बसला होता. त्यानंतर पाना हातात घेतला की नाही? बहुतेक घेतला असेल. बोललो तर ही उतरून जाईल, आणि पुन्हा कधी बसेल कोण जाणे. समोरची गल्ली तर सपाट होती.

“थांब,” तो म्हणाला. “उजव्या चाकाचे नट मी आवळलेत का, मला नक्की आठवत नाही.”

तिनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. पेंटर पाना घेऊन चाकाशी बसला. दोन नट बोटानं फिरत होते. तिनं विचारलं नव्हतं, तरी त्यानं तेही सांगितलं. मग घाबरत घाबरत मान वर करून पाहिलं. तिनं इंजिन बंद केलं होतं, पण ती उतरली नव्हती.